विषम आठवड्यातला माणूस

डोंगरातल्या आमच्या घरात शिरले की मी सगळ्यात आधी ओली पँट काढून फेकते. बाकी सगळं नंतर. बसथांब्यापासून घरापर्यंत स्की लावून यायचं, वाटेत एकदा तरी आपटायचं, मांड्यांपर्यंत बर्फ माखून घ्यायचा... मग ती पँट अंगावर कोण ठेवील? त्या सोमवारीही मी दाराच्या कुलपाचे आकडे दाबले आणि आत आले. नेहमीसारखी ऊब अंगावर आली, पायाखालची फरशी कोमट लागली, आणि मी गुणगुणत पँट खुंटीच्या दिशेनं भिरकावली.

ती खुंटीवर पडली नाही. स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर येणाऱ्या माणसाच्या खांद्यावर पडली.

उंच, चष्मा नाकावर तिरका, अंगात वरपासून खालपर्यंत राखाडी लोकरीचे आतले कपडे. हातात डाव, आणि डावातून वॉफलचं पीठ टप टप जमिनीवर. मीही आतल्या लोकरीवरच होते. माझी जांभळी, एका गुडघ्यावर ठिगळ लावलेली. दोघंही क्षणभर नुसते बघत राहिलो.

"तू कोण?" मी विचारलं.

"आस्लाक." त्यानं पँट खांद्यावरून उतरवली, घडी घातली आणि माझ्यापुढे धरली. "आणि ही... बहुतेक तुझी."

"विषम?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्याचे कान लाल झाले. "सम?"

आता हे सम-विषम सांगायला हवं. हे घर दोघांनी मिळून घेतलेलं. अर्धं माझ्या बोरगिल्डमावशीचं, अर्धं आस्लाकच्या आजोबांचं. दोघं एका शाळेत शिकवायची. सम आकड्याचा आठवडा मावशीचा, विषम आकड्याचा आजोबांचा, असं तेव्हाच ठरलं. आमच्याकडे तारीख कोणाला पाठ नसते, आठवड्याचा आकडा पाठ असतो. दाताच्या डॉक्टरची वेळसुद्धा आठवड्याच्या आकड्यानं मिळते. आजोबा गेले, त्यांचा अर्धा वाटा नातवाकडे आला. मावशीचं कंबरेचं हाड कुरकुरायला लागलं, तिचा अर्धा मी बघायला लागले. पण एक इथे असला की दुसरा नसायचा. त्यामुळे तो आणि मी एकमेकांना कधी पाहिलंच नव्हतं.

"आजपासून आठवडा पहिला," आस्लाक म्हणाला. "एक म्हणजे विषम. म्हणजे माझा."

"आणि काल संपला तो?"

"त्रेपन्नावा. तोही... माझा."

"म्हणजे लागोपाठ दोन तुझे? वा रे वा! हे कुठलं गणित?"

"पाच-सहा वर्षांतून एकदा त्रेपन्न आठवडे येतात. कॅलेंडर काही मी नाही बनवलं."

"एकाआड एक, असं ठरलंय."

"सम आणि विषम, असं ठरलंय."

दोघांचंही बरोबर होतं. आणि दोघांचंही बरोबर असलं की भांडणाला खरा रंग चढतो. शेवटी मी पिशवीतली कोरडी पँट चढवली, सोफ्यावर बसकण मारली आणि हामारला राहणाऱ्या मावशीला फोन लावला.

"मावशी, घरात एक माणूस आहे."

"दिसायला बरा आहे का?"

फोन स्पीकरवर होता. आस्लाक एकदम जमिनीवरचं पीठ पुसायला लागला.

"मावशी! आठवडा कोणाचा ते सांग."

"अगं, मागे एकदा त्याच्या आजोबांचं नि माझं असंच झालं होतं. आम्ही नाणं उडवलं. मी हरले."

"मग?"

"मग काय, राहिले. बाहेर वादळ होतं आणि त्याला बटाटे उकडता येत नव्हते. खोल्या दोन आहेत, बाळा. आणि खाली जाणारी बस आता गेली." तिनं फोन ठेवून दिला. चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईच्या हा त्रेपन्नावा आठवडा आधी लक्षात आला नव्हता, यावर माझा आजही विश्वास नाही.

"रहा की," आस्लाक फडकं पिळत म्हणाला. "तू आलीस ते बरंच झालं. शनिवारच्या आधी भेटायलाच हवं होतं. बोरगिल्डबाईंनी सांगितलं असेल ना तुला?"

"काय?"

त्यानं फडक्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शनिवारी लोक घर बघायला येतायत. मी माझा अर्धा वाटा विकतोय."

मी सोफ्यावरून ताडकन उठले. का ते सांगायचं तर दोन हिवाळे मागे जावं लागेल.

मी ड्रामेनला चष्म्याच्या दुकानात काम करते. मावशीनं घर माझ्या गळ्यात घातलं तेव्हा फेब्रुवारीत मी पहिल्यांदा एकटी इथे आले. आत बाहेरपेक्षा जास्त गारठा. शेगडी पेटेना, पेटली तर धूर. नळातलं पाणी दगड झालेलं. कोट, टोपी, हातमोजे घालून मी बसून राहिले आणि रडले. सकाळी मावशीला सांगितलं, विकून टाक, मला झेपत नाही. मावशीनं ते 'दुसऱ्या अर्ध्याला' कळवलं, आणि त्या दुसऱ्या अर्ध्यानं उलट निरोप धाडला — विकू नका, मी बघतो काहीतरी.

पुढच्या वेळी आले तर घराला अक्कल आली होती. हीटर, दिवे, पडदे, गरम पाण्याची टाकी, दाराचं कुलूप, सगळं फोनवर. पाणी गोठायला आलं की घर आधी कळवतं. मी तेव्हा नाक मुरडलं. घर शहाणं झालं की माणसं येडी होतात, असं काहीसं म्हणालेही. पण ड्रामेनला एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवता ठेवता दुसऱ्या हातानं बोट टेकवायचं, की तिकडे डोंगरात घर तापायला लागायचं! जे घर मी रडून सोडणार होते, त्या घरी मी पाहुणीच्या थाटात यायला लागले. ते घर माझ्याकडे राहिलं ते त्या अकलेमुळे, हे मी नाकबूल करणार नाही.

आणि ज्यानं ती अक्कल घातली, त्याच्याबद्दल मला उत्सुकता वाटायला लागली. मी मूळची चौकस. फोनवर मी 'सम' होते आणि तो 'विषम', एवढीच ओळख. मावशीकडून नाव काढून मी त्याला इंटरनेटवर शोधलं नाही असं कसं म्हणू? सापडला तो एका फोटोत, भला मोठा मासा हातात धरून. टोपी डोळ्यांपर्यंत, चेहरा अर्धा माशाच्या मागे. मासा देखणा होता.

मग मी घरातल्या बटणांवरून माणूस वाचायला लागले. फोनवर त्यानं एकेका कामाला एकेक बटण केलं होतं आणि नावं दिली होती. 'ओले मोजे' दाबलं की दारातली फरशी तापायची. 'आळस' दाबलं की पडदे बंद, उशाजवळचा एकच दिवा चालू. 'मावशी' दाबलं की घरातले झाडून सगळे दिवे भगभगीत लागायचे, कारण मावशीला कमी दिसतं. ज्या माणसाला माझ्या मावशीचे डोळे आठवतात, तो कसा असेल?

मीही एक बटण केलं, 'चांदण्या'. घरातले, बाहेरचे सगळे दिवे विझायचे, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर उभं राहून आकाश बघता येईल. पुढच्या खेपेला पाहते तर त्यात कोणीतरी भर घातलेली — दिवे विझले की आतल्या बाकाखालचा हीटर सुरू. आकाश बघून गारठलेली बाई परत आत येते, हे कोणाच्या तरी ध्यानात आलं होतं. त्या दिवशी त्या बाकावर मी बराच वेळ बसले.

त्यातच शुक्रवारी मी यायच्या आधी घर तापलेलं असायला लागलं. मी बटण दाबायच्या आधीच. मी समजायचं ते समजले. मग मीही विषम आठवड्यातल्या शुक्रवारी न चुकता, दुकानातून, स्वयंपाकघराच्या खिडकीतला दिवा लावायला लागले. त्याची बस पुलावरून वळली की त्याला तो दिसावा म्हणून. ना त्यानं कधी चकार शब्द काढला, ना मी. नाव माहीत, तोंड माहीत नाही, आणि जीव मात्र अडकत चाललेला.

आणि आता तो समोर उभा राहून सांगत होता, मी विकतोय.

"का?" मी विचारलं.

"वॉफल निवतील," तो म्हणाला.

तो आठवडा बर्फाचाच होता. सकाळी ओटा मोकळा करावा तर दुपारी पुन्हा भरलेला. एका घरात दोन अनोळखी माणसं म्हणजे आमच्याकडे महासंकट. आम्ही बसमध्येसुद्धा कोणाशेजारी बसायला नको म्हणून उभे राहतो. पहिला दिवस 'माफ कर', 'तू आधी', 'नाही, तू' यातच गेला. दुसऱ्या दिवशी माझा धीर सुटला.

"आपण एक करू," मी म्हणाले. "एक प्रश्न मी, एक तू. खरं सांगायचं."

"मी नाही म्हटलं तर?"

"तर मी 'मावशी' दाबीन. दिवसभर."

तो हसला. हसताना आधी डोळे हसायचे, तोंड मागून यायचं. मी ते टिपलं. चष्मे विकणाऱ्या बाईला डोळ्यांकडे बघायची सोय असते, कोणी नावं ठेवत नाही.

"पहिला प्रश्न. तो मासा खरा होता?"

"कुठला मासा?" मग त्याच्या लक्षात आलं. "तू मला शोधलंस?"

"आता प्रश्न माझा आहे."

"खरा होता. पण पकडला माझ्या वहिनीनं. मी फक्त धरला." त्यानं चष्मा वर सरकवला, तो पुन्हा घसरला. "माझी पाळी. 'चांदण्या' कोणाबरोबर बघायचीस?"

"एकटी." मी कपात बघितलं. "तुला कोण वाटलं?"

"मला... काही वाटायचा माझा हक्क नव्हता. पण वाटायचं."

बाहेर छपरावरून बर्फाचा एक मोठा थर घसरून धप्पकन पडला. दोघंही दचकलो आणि दोघंही उगाच हसलो.

"तू माझ्यावर पाळत ठेवायचास का रे?" मी डोळे बारीक केले. "कोण कुठल्या खोलीत आहे ते घराला कळतं म्हणे."

"ते तुझ्या आठवड्यात मी बंद करून ठेवलंय. पहिल्या दिवसापासून." तो इतका घाईनं बोलला की मला त्याची दया आली. "फोनवर फक्त दिवे दिसतात. कुठला लागलाय, कुठला नाही. कधी कधी बघायचो. हॉनेफॉसला माझ्या खोलीवर बसून... इकडे कोणीतरी आहे एवढंच कळायचं. बरं वाटायचं. हे वाईट आहे का?"

"आता प्रश्न माझा आहे," मी म्हणाले, पाळी त्याची असूनही. कारण माझे गाल तापले होते.

बुधवारी त्याचा चष्मा मला बघवेना. "इकडे ये. कधीपासून असाच फिरतोयस? एक कान वर, एक कान खाली."

"कान तसेच आहेत माझे."

"कान नाहीत, दांडी तशी आहे." मी त्याला खिडकीजवळ बसवलं, चष्मा काढला, दांडी गरम पाण्यात धरून वाकवली आणि पुन्हा त्याच्या नाकावर ठेवली. हे मी दिवसातून वीस जणांना करते. बोटं कानामागे जातात, केस बाजूला करतात, पुढे नाकाची समोरासमोर गाठ पडते. त्या विसांपैकी कोणापुढे माझा श्वास कधी अडला नव्हता.

"कानामागे टोचतंय?" मी विचारलं.

"आता... नाही."

"नीट दिसतंय?"

"हो," तो म्हणाला. खिडकीबाहेर एवढा डोंगर होता, पण तिकडे त्यानं पाहिलं नाही. मी हात काढून घ्यायला थोडा उशीर केला. मुद्दाम केला, खोटं कशाला सांगू.

गुरुवारी स्की लावून आम्ही गोठलेल्या तळ्यापर्यंत जाऊन आलो. वाटेत मी राहून गेलेला प्रश्न काढला. "कुठे चाललायस, आणि का?"

"वाड्सोला. शाळेत शिक्षकाची जागा आहे. इथली दुसऱ्याच्या जागेवर शिकवायची नोकरी नाताळला संपली."

"वाड्सो! पार उत्तरेच्या टोकाला? तिथे आत्ता सूर्यसुद्धा उगवत नाही."

"उगवतो. महिन्याच्या मध्यावर. थोडा."

"इथे काय बिघडलं मग?"

त्यानं स्कीच्या काठ्या जोरात रोवल्या. "काहीच बिघडलं नाही. जातो म्हटल्यावर कोणी 'थांब' म्हणालं नाही, एवढंच. इतक्या लांबून दर विषम आठवड्याला येणं जमायचं नाही. मग अर्धं घर कशाला अडवून ठेवू?"

मी 'थांब' म्हणावं असं माझ्या ओठांवर होतं. पण चार दिवसांच्या ओळखीवर कोण असं म्हणतं? मी म्हणाले, "तुझी टोपी उलटी आहे."

शुक्रवारी मात्र मला राहवलं नाही. संध्याकाळचं जेवण झालं होतं, तो भांडी विसळत होता, मी पुसत होते. तो शेवटचा मोकळा दिवस. दुसऱ्या दिवशी लोक येणार होते.

"एक सांग," मी ताटली पुसता पुसता विचारलं. "दर खेपेला मी यायच्या आधी तू घर तापवून ठेवायचास. का?"

"मी?" तो गोंधळला. "ते... आपोआप होतं. सम आठवड्यातल्या शुक्रवारी दुपारी हीटर सुरू होतात. तू आली नाहीस तर आपले आपण बंद होतात. मी पहिल्या हिवाळ्यातच तसं लावून ठेवलंय. मला काही करावं लागत नाही."

"काहीच नाही?"

"नाही. सोपं आहे. तुला शिकवू?"

ताटली पुसून कोरडी झाली होती, तरी मी पुसत राहिले. "म्हणजे तू एकदाही... माझी आठवण येऊन वगैरे..."

"योरुन?"

"काही नाही. दोन हिवाळे मी एका घड्याळावर जीव टाकत होते, एवढंच कळलं." मी हसले. ते हसणं काही जमलं नाही.

"थांब, मग खिडकीतला दिवा?" तो म्हणाला. "तोही तू आपोआपच लावून ठेवलायस ना?"

"मला येत नाही आपोआप लावायला!" माझा आवाज चढला. "मी हातानं लावायचे. दर वेळी. समोर गिऱ्हाईक अक्षरं वाचत असायचं आणि मी टेबलाखाली दिवा लावत असायचे. एकदा तापानं फणफणले होते, तरी लावला."

त्याच्या हातातला पेला पाण्यात तसाच राहिला. तो काहीतरी बोलायला गेला, पण मला ते ऐकायचं नव्हतं. फडकं खुंटीला लावून मी माझ्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. रागापेक्षा लाज जास्त होती. चौकसपणानं मी अख्खा माणूस रचला होता आणि निघालं होतं यंत्र.

शनिवारी सकाळी तो वॉफलचं पीठ कालवत होता. घर दाखवायचं तर घरात खमंग वास हवा, ही आमच्याकडची रीत. "योरुन, ते कालचं—" त्यानं सुरुवात केली, आणि दारावर थाप पडली.

नवराबायको ऑस्लोकडची होती. नवे कोरे स्कीचे पोशाख, किमतीची चिठ्ठी तेवढी काढलेली. नवऱ्यानं बूट काढायच्या आत मोजायची फीत काढली आणि भिंत मोजायला घेतली.

"ही भिंत जाईल," तो म्हणाला. "खरं म्हणजे सगळंच जाईल. इथे काच, तिथे काच, बाहेर गरम पाण्याचा हौद."

"पण घर फोनवर चालतं ना?" बायकोनं विचारलं. "मला ते हवंय. मी हातानं काही करणार नाही हं."

"चालतं," आस्लाक म्हणाला. त्याचा आवाज खोल गेला होता.

"तुमचाही अर्धा वाटा पुढेमागे घेऊच," नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, आणि माझ्या बाकाला बुटानं टोकरून बघितलं. "हे जळणात चालेल."

मी तोपर्यंत शहाण्यासारखी उभी होते. पण माझा बाक जळणात घालतो म्हणाला ना, मग माझा फोनवरचा ताबा सुटला. मी एप्रनच्या खिशात हात घातला.

"आणि हे दृश्य बघ!" नवरा खिडकीशी जाऊन म्हणाला. पडदे सर्रकन बंद झाले.

"अं... असं होतं कधी कधी," आस्लाक म्हणाला.

पडदे उघडले. नवरा पुन्हा म्हणाला, "तर हे दृश्य..." पडदे बंद. मी छताकडे बघत होते. मग 'मावशी' दाबलं. घरातला दिवा न दिवा भगभगला, बायकोनं डोळ्यांवर हात घेतला, आणि वर म्हणून मी रेडिओ लावला. रेडिओवर कोणीतरी जीव तोडून अकॉर्डियन वाजवत होतं.

आस्लाकनं वळून माझ्याकडे पाहिलं. एप्रनच्या खिशाकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. माझा अंगठा तिथल्या तिथे थांबला. घर त्याचंही होतं, विकायचा हक्कही त्याचा होता. आता तो मला काय म्हणेल? मी खिशातून हात बाहेर काढला, रिकामा, त्याला दिसेल असा.

बायको न्हाणीघर बघायला आत शिरली, आणि तिथला दिवा गेला.

आतून बायकोची किंकाळी आली. मी काहीच केलं नव्हतं! मी आस्लाककडे पाहिलं. तो गंभीर चेहऱ्यानं भिंतीच्या लाकडातली गाठ न्याहाळत उभा होता, एक हात विजारीच्या खिशात. त्याचे डोळे आधी हसले.

मग काय विचारता! मी पडदे खाली, तो वर. तो दिवा घालवतोय, मी लावतेय. नवरा ओट्याची लांबी मोजायला बाहेर गेला तर दाराच्या कुलपानं खर्रकन जीभ बाहेर काढली. ते कोणाचं काम होतं ते आम्ही आजही एकमेकांवर ढकलतो. थोड्या वेळानं कुलूप उघडलं तेव्हा त्याच्या मिशांवर बर्फ होता.

"या घरात काहीतरी आहे," बायको कोट घालत म्हणाली.

"माझे आजोबा," आस्लाक शांतपणे म्हणाला. "त्यांना फूटपट्टी आवडायची नाही."

"आम्ही विचार करून कळवतो," नवरा म्हणाला. याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही समजतो. त्यांची गाडी उतरणीला लागेपर्यंत आम्ही दारात उभे राहून सभ्यपणे हात हलवले. मग दार लावलं, आणि भिंतीला टेकून पोट धरधरून हसलो.

हसू ओसरलं तेव्हा घर फार शांत वाटलं.

"तू माझं गिऱ्हाईक पळवलंस," तो वॉफलच्या साच्यात पीठ ओतून येत म्हणाला.

"न्हाणीघरातला दिवा मी नाही घालवला."

"नाही." त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "योरुन, मी विसराळू माणूस आहे. वर्गातल्या पोरांची नावं विसरतो. बोरगिल्डबाईंनी मला सांगितलं होतं, तू पहिल्यांदा इथे आलीस तेव्हा कोट-टोपी घालून रडत बसली होतीस. तेव्हा मी तुला ओळखतही नव्हतो. पण माझ्या विसरण्यापायी तू पुन्हा तशी बसावीस, हे मला चालणार नव्हतं. म्हणून लावून टाकलं. एकदाच. कारण ते मला पुन्हा पुन्हा ठरवायचंच नव्हतं... ते ठरलेलंच होतं."

हातानं केलं ते प्रेम आणि आपोआप झालं ते नाही, असा सरळ हिशेब मी रात्रभर करून ठेवला होता. तो हिशेब चुकला होता.

"आणि बाकाखालचा हीटर आपोआप लागला नव्हता," तो पुढे म्हणाला. "त्यासाठी मी बाकाखाली अर्धा दिवस पालथा पडून वायर ओढली. आणि तुझा दिवा... मला वाटायचं, लावून ठेवला असेल तिनं. तरीही बस पुलाशी आली की मी काचेला नाक लावून बसायचो. नुसता आपोआप लागणारा असला तरी."

मी दोन पावलं पुढे गेले. तोही आला बहुतेक, कारण आता आमच्यात फक्त त्याचा चष्मा होता.

"थांब," मी म्हणाले. गुरुवारी तळ्यावर अडकलेला शब्द एकदाचा सुटला.

"एक वर्ष जावं लागेल. शब्द दिलाय. पण अर्धं घर विकत नाही. सुट्टी लागली की पहिल्या विमानानं इकडे. आठवडा सम असो की विषम." त्यानं मोठा श्वास घेतला. "तू मला आवडतेस, योरुन. फार."

आमच्याकडे माणसं हे वाक्य बोलायच्या आधी वर्षभर हवापाण्यावर बोलतात. तो पाच-सहा दिवसांत बोलला होता, आणि त्याचे कान अगदी वॉफलच्या साच्यासारखे तापले असणार. मी हात लावून बघितले. तापले होते.

"तूही मला आवडतोस," मी म्हणाले. "माशाच्या मागे होतास तेव्हापासून. आता परत म्हण."

"काय?"

"तेच. घर तू एकदा लावून ठेव, मला चालेल. पण हे नाही चालायचं. वाड्सोहून रोज, तोंडानं, स्वतः म्हणायचं. विसरलास तर मी विचारीन."

"तू मला—" त्यानं सुरुवात केली, आणि साच्यातलं वॉफल करपून धुराचा भोंगा केकाटला. त्याचा फोन किंचाळला, माझा फोन किंचाळला, आणि लगेच मावशीचं नाव माझ्या फोनवर नाचायला लागलं. म्हणजे घरानं ही खबर हामारपर्यंतही पोचवली होती.

मी फोन उचलला नाही. आस्लाकनं त्या सगळ्या कल्लोळात, माझ्या कानाशी येऊन, आधी वाक्य पुरं केलं. मग तो वॉफल बघायला धावला.